दुसऱ्या पडद्यावरची आई

आमच्या घरात सात-आठ वर्षं आई मांजराशी बोलायची आणि ते बाबांनी ऐकायचं, अशी पद्धत होती.

"माऊ, अंगणात कुणाची तरी छत्री भिजत्ये हो," असं आई म्हणाली की बाबा हातातला पेपर ठेवून उठायचे आणि छत्री आत आणायचे. "माऊ, पान वाढलंय," म्हटलं की बाबा पाटावर येऊन बसायचे. मांजराचा उगाच समज व्हायचा की पान आपल्यासाठीच आहे. मी घरात असले की मात्र मांजराला सुट्टी. मग सगळं माझ्यामार्फत. "सांग त्यांना, गॅसचा नंबर लावायचाय." बाबा माझ्यापासून दोन हातांवर उभे. त्यांनी ते ऐकलेलं असायचं, तरी ते माझ्याकडे बघत थांबायचे आणि मी "ऐकलंत ना?" म्हटल्यावरच मान हलवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना गंमत वाटायची. मला वाटत नसे. मला राग यायचा, दोघांचाही, आणि राग आला की मी परसात जाऊन कुंपणाच्या, जांभ्या दगडाच्या गडग्यावर बसायची.

अबोल्याचं कारण काही लपवलेलं नव्हतं. बाबा तार ऑफिसात टेलिप्रिंटरवर होते. मी शाळेत असताना एका पावसाळ्यात खेडच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, फार जास्त झालं. तशी तार आली आणि ती रत्नागिरीत बाबांच्याच मशिनवर उतरली. खेडच्या जगबुडी नदीला पूर. एस.टी. चिपळूणच्या पुढे जात्ये की नाही, ते स्टँडवर कुणी धड सांगेना. बाबांनी तार खिशात घातली आणि जेवणाच्या सुट्टीत घरी यायच्या ऐवजी ते ग्रामदेवीच्या देवळात गेले. बायकोला पाठवू की नको, म्हणून गुरवाला कौल लावायला सांगितला. देवीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. बाबा परत कामावर गेले आणि संध्याकाळी तार नि देवीचा नकार दोन्ही एकदम घेऊन घरी आले. दुपारची गाडी खेडला नीट पोचली होती, हे मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी दुसरी तार आली. ती मात्र ते धावत घरी घेऊन आले.

आई खेडला दिवसकार्य करून परत आली आणि उंबऱ्यातच बाबांना म्हणाली, "देवीला विचारलंत, मला नाही विचारलंत." ते शेवटचं. त्यानंतर "अहो" हा शब्द आमच्या घरातून गेला तो गेलाच. देवीवर आईचा राग नव्हता. नवरात्रात ती नेमाने त्याच देवळात ओटी भरायला जायची.

मी बीएस्सी झाले तेव्हा कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, आणि स्टँडच्या मागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले होते. क्लास चालवणारे सर सांगलीकडचे. आम्ही सगळं हळू आवाजात, हेल काढून बोलणार. ते एकदम हाणल्यासारखं. "घाबरतीस काय, हाण की बटण!" त्यांना मासे चालत नसत, पाऊस सोसत नसे आणि रत्नागिरीचा कुठलाही माणूस कधीही सरळ उत्तर देत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या घरची गत बघता मला त्यावर वाद घालता येत नव्हता.

क्लासमधलं एक जुनं मशीन नवीन काही पेलेना, म्हणून सरांनी ते मला देऊन टाकलं. त्याआधी मासिकाबरोबर आलेल्या एका सीडीवरून त्यांनी त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली चढवली. चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा, त्यावर राखाडी अक्षरं, आणि खाली लुकलुकणारी एक रेघ. मी काहीतरी टाइप करत बसले होते. सरांनी मागून हात घालून ऑल्ट आणि एफ-टू अशा दोन कळा एकदम दाबल्या, आणि माझं सगळं पुसलं गेलं. नुसता कोरा पडदा आणि "तू कोण?" असं विचारणारी एक ओळ.

"सर! गेलं ना सगळं!"

"कुठं जातंय? एफ-वन दाब."

दाबलं. माझं सगळं होतं तिथेच होतं. अर्धवट शब्दसुद्धा अर्धवटच, आणि रेघ त्याच्यापुढे लुकलुकत उभी.

मला अजून ते पहिल्यांदा बघितल्याचं आठवतं. असे सहा पडदे होते त्या एका काचेमागे. एकावर तुम्ही असलात तरी बाकीचे पाच मिटलेले नसत. तिकडे काय चाललंय ते चालूच असे, फक्त दिसत नसे. मी वेड्यासारखी एकापासून सहापर्यंत आणि सहापासून एकापर्यंत फिरत राहिले. दोनपासून सहापर्यंत सगळे रिकामे होते आणि तिथेही प्रत्येक ठिकाणी ती रेघ कुणाची तरी वाट बघत लुकलुकत होती. संध्याकाळी कुणी येवो न येवो, पडवीत दिवा लावून ठेवतात ना, तशी.

"पण एका माणसाला सहा पडदे कशाला?" मी विचारलं.

सरांनी चहा मागवला. चहाशिवाय त्यांना इतिहास सांगता येत नसे. म्हणाले, आधी कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी खोली भरेल एवढं धूड असायचं. ते एकट्यादुकट्याला परवडणारं नव्हतं. मग त्या एका धुडाला वायरी लावून पुष्कळ माणसं एकदम बसायची, प्रत्येकापुढे आपापलं टंकयंत्र. पडदेबिडदे काही नाहीत, कागदावर खडखड. टाइप केलं की ते तिकडे जायचं, उत्तर आलं की कागदावर छापून यायचं. पुढे कागदाच्या जागी काच आली. आणि मग यंत्रं लहान होत होत टेबलावर आली. आता एक यंत्र, एक पडदा, एकच माणूस. पण त्या धुडांवर चालणारी युनिक्स नावाची प्रणाली आणि तिच्या पोटची पिल्लं वाढली होती भरल्या घरात. एकच माणूस आहे, हे त्यांना मानवेना. तेव्हा त्या छोट्या यंत्रांवर युनिक्स आणणाऱ्यांनी एक शक्कल काढली. पुढ्यात एकच पडदा, पण आत मेमरीत खोटे खोटे पुष्कळ मांडायचे. कळ दाबली की दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसायचं. लिनक्स एका परदेशातल्या पोराने हौसेनं लिहायला घेतलं, तर त्यात अगदी सुरुवातीच्याच दिवसांत दुसऱ्या कुणी तरी हे पडदे आणून बसवले. सगळी मांडणी जुनीच. फक्त माणसं उठून गेलेली.

"म्हणजे खुर्च्या राखून ठेवल्यात," मी म्हटलं.

"बिस्कीट खा," सर म्हणाले. फार भावनेत शिरलं की ते बिस्कीट पुढे करत.

मशीन घरी आलं. ओटीवर खिडकीशी टेबल मांडलं. आईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "जळ्ळं मेलं, टीव्ही म्हणावा तर चित्र नाही, आणि टाइपरायटर म्हणावा तर कागद नाही." बाबा नुकतेच रिटायर झाले होते. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा वर केला आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातली अक्षरं वाचायला लागले. तिथे 'टी टी वाय वन' असं लिहिलेलं असायचं.

"टी टी वाय?" बाबा म्हणाले. "हे आमचं काय करतंय इथे?"

मला ठाऊक नव्हतं. बाबांनी सांगितलं, टेलिप्रिंटरचं इंग्रजीतलं दुसरं नाव टेलिटाइप, त्याचं ते आखूड रूप. मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं तर सर म्हणाले, मग काय तर! त्या पहिल्या धुडांना जी टंकयंत्रं जोडली ती तुझ्या बाबांचीच, टेलिप्रिंटरच. नाव तेच राहिलं. कागद गेला, शाई गेली, ते लोखंडाचं मशीन गेलं, तरी आतला कॉम्प्युटर अजून समजतोय की पलीकडे टेलिप्रिंटर बसलाय. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा असा काही झाला, की मला माझ्या बीएस्सीपेक्षा त्याचंच जास्त बरं वाटलं. तार ऑफिसातलं मशीन गेल्यापासून त्यांची बोटं जेवताना ताटाच्या कडेवर वाजत असत. आता ते रोज सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसायचे आणि कामावर गेल्यासारखे टाइप करायचे. काय, तर पेपरातल्या बातम्या. रोमन लिपीत, सगळं मोठ्या अक्षरांत, अनावश्यक शब्द गाळून.

एकदा त्यांनी मला विचारलं, "ह्यात ती कळ आहे का, कोण आहे विचारायची?" टेलिप्रिंटरला म्हणे तशी एक कळ असे. मजकूर पाठवायच्या आधी ती दाबायची. मग पलीकडच्या गावचं मशीन, तिथे माणूस असो नसो, आपणहून आपलं नाव छापून धाडायचं. ते आलं की मगच पुढचं बोलायचं. "पलीकडे कोण आहे ते न विचारता पाठवलेली तार म्हणजे विहिरीत टाकलेला दगड," बाबा म्हणाले. हे ते आईसमोर बोलले. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि परत चालू झाला.

तिघांना तीन पडदे वाटून दिले. पहिला बाबांचा, दुसरा आईचा, तिसरा माझा. आई म्हणाली, मला काय करायचाय पडदा. मग सरांनी त्या यंत्रात एक खेळ घालून दिला. वरून विटा पडतात, त्या फिरवून फिरवून खाली सांधायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. विटा म्हणजे तरी काय, चौकटी कंस जोडून केलेल्या. आईने एका रविवारी सहज एक डाव खेळून बघितला, आणि संपलं. बाई अशी लागली त्या विटांच्या मागे की एकदा सोलकढीत मीठ दोनदा पडलं. सरांचा त्या खेळातला सगळ्यांत मोठा आकडा मी तिला उगाच सांगून ठेवला होता. "त्या घाटावरच्या माणसाला काय विटा कळतात, आम्ही चिरे रचणारी माणसं," असं म्हणून तिने पदर खोचला.

दुपारी सगळं रत्नागिरी झोपतं. मीही क्लासमधून जेवायला आले की कॉटवर आडवी व्हायची. खिडकीतून बंदरावरचा वारा यायचा, पंखा आपला उगाच त्यात भर घालायचा. बाबांचं झालं की ते उठायचे, दुसऱ्या पडद्याची कळ दाबायचे आणि खुर्ची मोकळी करून पडवीत जायचे. एक शब्द नाही. आई येऊन बसायची. तिच्या विटा काल जिथे थांबवल्या तिथेच हवेत लटकलेल्या असायच्या. एक कळ दाबली की खेळ थांबून राहायचा, परत दाबली की तिथून पुढे. मशीन बंद केलं तर मात्र सगळं पुसलं जाई, म्हणून ते आम्ही चालूच ठेवत असू. अर्धवट झोपेत मला ती खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू यायचा आणि वाटायचं, आमच्या घरालाही अशाच खोल्या आहेत काचेमागे. एकीत बाबा कागदाच्या पट्ट्या फाडतायत. एकीत आई, खेडच्या गाडीत बसलेली, मांडीवर पिशवी, खिडकीतून नदी बघत्ये. कुठल्या तरी चौथ्या पाचव्या पडद्यावर आजी उशीला टेकून दाराकडे डोळे लावून बसली असेल, आणि कुणी तिकडची कळ दाबलेलीच नाही. रेल्वेची शिट्टी लांबून यायची. मी जागी व्हायची तेव्हा गाल ओला असायचा, आणि आई पाठमोरी विटा फिरवत असायची.

मग गौरी-गणपतीनंतर मला ठाण्याची नोकरी आली. दिवाळी झाली की रुजू व्हायचं. सरांनी पेढे वाटले, बाबांनी स्वतःच्या पडद्यावर 'अभिनंदन' असं मोठ्या अक्षरांत टाइप करून मला बोलावून दाखवलं. पण मी गेल्यावर ह्या घरात बोलणार कोण? मांजर म्हातारं झालं होतं. ते गेलं की ही दोन माणसं भिंतीशी बोलणार, आणि मग भिंतीशीही नाही. मी जन्मभर दोघांमधली वायर होऊन राहू शकत नव्हते, पण वायर काढून निघून जायचीही माझी हिंमत होईना. एकदा वाटलं, नोकरी नको म्हणून कळवावं. ते आईला कळलं असतं तर तिने मला झोडपलंच असतं.

तेव्हा मी एक डोकं चालवलं. एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर निरोप पाठवायची सोय त्या यंत्रात होती. सरांनीच दाखवली होती. मी ती बाबांना शिकवली. तोंडाने नाही तर नाही, बोटांनी तरी बोला! बाबांना ते लगेच जमलं. जमायला काय, जन्म त्यातच गेलेला. त्यांनी आईच्या पडद्यावर पाठवून दिलं: BAJARAT JATO. KAY ANU. आणि पिशवी घेऊन पडवीत उत्तराची वाट बघत उभे राहिले.

आई येऊन बसली. बघते तर विटांच्या बरोबर मधोमध ती दोन वाक्यं येऊन पडलेली.

"अगोबाई! माझ्या विटांत ही घाण कुणी केली?"

"बाबांनी विचारलंय, काय आणू," मी साळसूदपणे म्हटलं.

"सांग त्यांना, माझ्या पडद्यावर यायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "काय गो, ह्याला आतून कडी लावता येते का?"

येत होती. एक छोटीशी आज्ञा दिली की दुसऱ्याचे निरोप त्या पडद्यावर येत नाहीत. मी कपाळावर हात मारला आणि दिली शिकवून. बाहेर येऊन बाबांना सांगितलं, कडी लागली. बाबांनी मान हलवली. "म्हणजे पोच मिळाली," म्हणाले आणि बाजारात गेले. त्या दिवशी मी दोघांशीही जेवणापर्यंत बोलले नाही. म्हणजे घरात कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. मांजरसुद्धा कंटाळून शेजारी गेलं.

नवरात्र लागलं. परतीचा पाऊस आमच्याकडे भांडखोर. दिवसभर कडक ऊन आणि चार वाजले की विजांसकट अंगावर येणार. त्या दुपारी आईचा डाव असा जमून आला होता की सरांच्या आकड्याला हात लागायला थोडंच बाकी होतं. पण देवीची ओटी भरायची वेळ झाली. तिने खेळ थांबवला, दोनदा खात्री केली, पडदा एकचा करून ठेवला आणि नारळ-खण घेऊन देवळात गेली. जाताना मला क्लासच्या दारात गाठून सांगून गेली, "आल्यावर तुझ्या त्या सरांचं नाक कापते की नाही बघ."

येताना आम्ही दोघी मायलेकी एकाच छत्रीत, चिंब, विजा डोक्यावर. आई पाय न पुसताच टेबलाशी गेली. यंत्रावर बाबांनी कापड घालून ठेवलेलं. वायर प्लगातून काढून, नीट गुंडाळून ठेवलेली.

आई माझ्याकडे बघायला लागली.

"विजा फार होत्या," बाबाही माझ्याकडेच बघून म्हणाले. "सांग तिला, नियमाने बंद केलंय. तीन कळा दाबून. आधी पडदा बघितला होता. काही नव्हतं."

"कुठला पडदा बघितलात?" मी विचारलं.

"माझा," बाबा म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच उमगलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला.

"अहो!"

मी दचकले. तो शब्द इतक्या वर्षांनी आला तो असा फटाक्यासारखा.

"अहो, तुमच्या पडद्यावर काही नव्हतं, म्हणजे दुनियेत काही नव्हतं? विचारायचं तरी! पलीकडे कुणी आहे का, एवढंच विचारायचं! जन्मभर तार ऑफिसात त्या लोखंडी मशिनला विचारत होतात ना, कोण आहे म्हणून? त्याच्या उत्तराची वाट बघायचात. मग मी काय मशिनपेक्षा कमी होते? मी पण होते की पलीकडे. खिशात तार घेऊन फिरलात दिवसभर. मी इथे भाकऱ्या थापत होते, मला ठाऊक पण नाही. माझी आई होती हो ती! तुमची नव्हती, देवीची नव्हती, माझी होती!"

विटांचं कुणालाच काही राहिलं नव्हतं. आई टेबलाची कड धरून उभी होती आणि तिच्या साडीतून जमिनीवर पाणी गळत होतं. बाबा उभेच होते. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील आणि मी "ऐकलंत ना?" म्हणायचं. मी तोंड मिटून घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"भ्यालो होतो," बाबा आईला म्हणाले. "नदीला. तू ऐकली नसतीस. तशीच निघाली असतीस पुरात."

"निघालेच असते!"

"म्हणूनच. तुला नको जाऊ म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून देवीच्या तोंडून म्हणवून घेतलं. उजवी पडली असती तर काय केलं असतं, तेही मला ठाऊक नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "चुकलं माझं. तेव्हाच चुकलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. बोलायचं कसं, ते नाही कळलं."

आई खाली बसली आणि रडली. खेडहून आल्यावर सुद्धा ती अशी रडली नव्हती. मीही रडले, मला कुणी विचारत नव्हतं, पण रडले. बाबा आत जाऊन पंचा घेऊन आले आणि तिच्या खांद्यावर टाकायचा की हातात द्यायचा, ते न समजून तसाच धरून उभे राहिले. शेवटी तिनेच तो ओढून घेतला.

"मी विसरणार नाही हं," ती डोकं पुसत म्हणाली. "सांगून ठेवत्ये."

"नको विसरू," बाबा म्हणाले.

मग आई नाक ओढून म्हणाली, "विजा थांबल्या की ती वायर लावा परत. सरांचं नाक तसंच राहिलंय." आणि चहा टाकायला गेली. चहा कुणाला हवाय, ते तिने आतून ओरडून विचारलं. मांजर दारात येऊन बसलं होतं, त्याच्याकडे बघितलंही नाही.

दिवाळीनंतर मी ठाण्याला गेले. तिथे मोठमोठे रंगीत पडदे, खिडक्यांवर खिडक्या, माऊस, सगळं. काम चांगलं होतं, माणसंही बरी होती. तरी कधी कधी दुपारी कुणाचं लक्ष नसताना मी त्या काळ्या पडद्यावर जायची, आणि एक एक कळ दाबत सहापर्यंत फिरून यायची. तिथे कुणी नसायचं. लुकलुकणारी रेघ मात्र प्रत्येक ठिकाणी असायची. तेवढ्याने बरं वाटायचं.

दर रविवारी सकाळी मी घरी फोन करायची. एकदा वैशाखात केला, तर बाबांनी उचलला. आंब्याच्या पेट्या कधी पाठवतो, हापूस यंदा कसा मार खातोय, असं काहीबाही चाललं होतं. मध्येच म्हणाले, "थांब गो जरा. आभाळ भरून आलंय, मशीन बंद करतो." आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. एसटीडीचा मीटर पळत होता, बूथवाला माझ्याकडे बघत होता. मी कान लावून उभी राहिले.

बाबा दाबत होते त्या कळांचा आवाज येत होता. एक पडदा. थांबले. दुसरा. थांबले. तिसरा, जो आता माझा नव्हता. चौथा, पाचवा, सहावा. तिथे तर आमच्या घरातलं कधी कुणी गेलंच नव्हतं, तरी त्यांनी तोही उघडून बघितला. मग बाबा घशाशी खाकरले आणि मोठ्याने ओरडले,

"अगो, पलीकडे कोणी आहे का?"

आणि स्वयंपाकघरातून आई,

"आहे हो! मी आहे. एवढा डाव होऊ दे माझा."

लांब कुठे तरी वीज कडाडली असावी. फोनमध्ये खरखर झाली. आईची चप्पल फटफटत आली, आणि खुर्ची सरकली. बाबांनी मशीन बंद केलं नाही. ते तिच्याशेजारी उभे राहून थांबले, आणि इकडे ठाण्यात मी थांबले.